आफ्रिका शिकवायचाय? मग देशांची यादी आधी कपाटात ठेवा

पहिल्या वर्षी मी जे केलं ते तुम्ही करू नका म्हणून हे लिहितेय. नववीचा वर्ग, आफ्रिकेसाठी चार तास, आणि मी काय केलं तर फळ्यावर देश आणि राजधान्या लिहून दिल्या, मुलांनी इमानदारीत उतरवून घेतल्या, कैरो, नैरोबी, आदिस अबाबा, सगळं पाठ. चाचणीत मग एक प्रश्न टाकला, 'केप टाऊनमध्ये पाऊस कोणत्या महिन्यात पडतो आणि का?' अठ्ठेचाळीस मुलांपैकी एकालाही आलं नाही, आणि तिघांनी तर 'आफ्रिका हा एक उष्ण देश आहे' अशीच सुरुवात केलेली. चूक त्यांची नव्हती हो, मी त्यांना नावं दिली होती, खंड दिलाच नव्हता.

तेव्हापासून मी उलट्या बाजूने जाते. आधी रेघा, मग पाऊस, मग नद्या, मग जमीन आणि माणसं, आणि नावं त्या ओघात येतात तशी येऊ द्यायची. आफ्रिका यासाठी फार सोयीचा खंड आहे, कारण विषुववृत्त, कर्कवृत्त आणि मकरवृत्त तिन्ही ज्याच्यातून जातात असा हा एकच खंड. म्हणजे मुलांना निम्मं कळलं की उरलेलं निम्मं ती स्वतः अंदाजाने सांगू शकतात. आणि जिथे अंदाज चुकतो ना, तिथे खरा तास सुरू होतो.

आधीची तयारी

टाचण तर काढालच, पण त्याच्या आधी आफ्रिकेच्या आराखड्याच्या, म्हणजे कोऱ्या नकाशाच्या, झेरॉक्स काढून ठेवा. प्रत्येक मुलाला दोन. एकावर फक्त किनारा हवा, देशांच्या सीमा नकोत, दुसऱ्यावर सीमा चालतील. एका सेंटिमीटरला ४०० किमी असं प्रमाण धरलं तर खंडाची उत्तर-दक्षिण लांबी साधारण ८००० किमी, म्हणजे वीस सेंटिमीटर, ए-फोर कागदावर आरामात बसतो. बाकी साहित्य घरचंच: सुतळी, कात्री, निळा-हिरवा-पिवळा स्केचपेन, आणि एका तासासाठी मुठीएवढी कणिक. प्रोजेक्टर असेल तर उत्तम पण त्याच्या भरवशावर राहू नका, आमच्याकडे लाईट नेमकी भूगोलाच्या तासालाच जाते.

आराखडा घेताना एक बघा, सिनाईचा तुकडा आफ्रिकेला चिकटवलेला असतो बऱ्याचदा. तो इजिप्तमध्ये आहे पण खंड म्हणून आशियात धरतात, मधून सुएझ कालवा जातो. हुशार पोरं हे विचारतातच.

पहिला तास: केवढा आहे हा खंड?

यात भाषण अजिबात नको. भिंतीवरचा जगाचा नकाशा लावा आणि विचारा, ग्रीनलंड मोठं की आफ्रिका? नकाशा मर्केटरचा असेल तर दोन्ही जवळपास सारखे दिसतात, वर्गात हमखास दोन पार्ट्या पडतात. मग आकडे लिहा: ग्रीनलंड साधारण २२ लाख चौ. किमी, आफ्रिका ३ कोटी ३ लाख. चौदा पट! मर्केटरने हा नकाशा १५६९ मध्ये जहाजवाल्यांसाठी केला होता, दिशा बरोबर राहावी म्हणून, त्यात ध्रुवांकडचा भाग ताणला जातो आणि विषुववृत्ताजवळचा बिचारा आहे तेवढाच राहतो. गोल संत्र्याची साल टेबलावर सपाट दाबून दाखवलीत तर दोन मिनिटांत कळतं, फक्त संत्रं नंतर कोणी खायचं यावर भांडण होतं.

मग कात्री काढायची. ४०० किमीच्याच प्रमाणात भारत, चीन आणि अमेरिका कापून आणा (हे तुम्ही घरी करा, वर्गात केलंत तर तास गेला) आणि मुलांना म्हणा, बसवा आफ्रिकेत. भारत ३३ लाख, चीन ९६ लाख, अमेरिका ९८ लाख, तिन्ही मिळून होतात २२७ लाख, म्हणजे तिन्ही घालूनही ७५ लाखांच्या आसपास जागा उरते. आकार तंतोतंत बसणार नाहीत, कोपरे बाहेर जातील, ते जाऊ द्या. पण 'आफ्रिका देश' हे वाक्य त्या दिवसानंतर माझ्या वर्गात परत आलेलं नाही.

दुसरा तास: घडी घाला

हा माझा सगळ्यात आवडता तास, त्यामुळे जरा लांबण लागेल.

बिनसीमांचा आराखडा घ्यायचा. विषुववृत्त, कर्कवृत्त, मकरवृत्त ओढायची, मूळ रेखावृत्तही ओढायचं, ते घानातून जातं आणि गिनीच्या आखातात विषुववृत्ताला भेटतं, म्हणजे ०-० चा बिंदू पाण्यात आहे, पोरांना याचं भारी अप्रूप. आता कागदाची विषुववृत्तावर बरोबर घडी घालायला सांगा. खंडाचं वरचं टोक सुमारे ३७ अंश उत्तर, खालचं सुमारे ३५ अंश दक्षिण, त्यामुळे उंचीला दोन्ही अर्धे जवळपास जुळतात. रुंदीला मात्र नाही, वरचा भाग केवढा पसरट. ते लक्षात ठेवायला सांगा, पुढे कामाला येणार आहे.

आता पाऊस. फळ्यावर साधी आकृती काढा: विषुववृत्तावर ऊन डोक्यावर, हवा तापते, वर जाते, थंड होते, बदाबदा पाऊस. वर गेलेली तीच हवा दोन्ही बाजूंना सरकून २०-३० अंशांच्या पट्ट्यात खाली उतरते, पण आता ती कोरडी आहे, उतरताना अजून तापते, ढग होऊच देत नाही. बस, एवढंच सांगायचं आणि गप्प बसायचं. मुलांना म्हणायचं, रंगवा. जिथे वर्षभर पाऊस वाटतो तिथे हिरवा, जिथे अर्धं वर्ष तिथे पिवळा, जिथे नाही तिथे कोरा सोडा.

मुलं स्वतःच मधे हिरवा पट्टा काढतात, वर-खाली पिवळा, त्याच्या वर-खाली कोरा. मग ॲटलास उघडायला लावा. मधे कांगोचं जंगल, दोन्ही बाजूंना सॅव्हाना म्हणजे गवताळ प्रदेश, वर सहारा आणि खाली कलाहारी. अरे, बरोबर आलं की! हा जो आवाज वर्गातून येतो ना, त्याच्यासाठी मी अजून भूगोल शिकवते.

अगदी दोन टोकांना काय, ते तुम्ही सांगा. अल्जीयर्स वर, केप टाऊन खाली, दोन्हीकडे उन्हाळा कोरडा आणि पाऊस हिवाळ्यात. पण अल्जीयर्सचा हिवाळा डिसेंबर-जानेवारीत आणि केप टाऊनचा जून-जुलैत. माझ्या त्या पहिल्या चाचणीतला प्रश्न इथे आपोआप सुटतो. (जाता जाता, खंडाचं दक्षिण टोक केप ऑफ गुड होप नाही, केप अगुल्हास आहे. गाइडांमध्येसुद्धा चुकलेलं पाहिलंय मी.)

तिसरा तास: आरसा कुठे तडकतो

इथे घाई करू नका, शक्य असेल तर एखादा ऑफ तास मागून घ्या. घडीचा नियम, म्हणजे विषुववृत्ताच्या वर जे तेच आरशातल्यासारखं खाली, सगळीकडे चालत नाही, आणि का चालत नाही हे मुलांकडून काढून घ्यायचं.

पहिला प्रश्न मुंबईवरून. मुंबई १९ अंश उत्तर. त्याच अक्षांशावर सरळ पश्चिमेला बोट सरकवत न्या, तांबड्या समुद्रावर सुदानचं पोर्ट सुदान लागतं. अक्षांश जवळपास तोच, दोन्ही बंदरं, दोन्हीकडे समुद्र दारात. मुंबईत वर्षाला २००० मिलिमीटरच्या वर पाऊस आणि तिथे शंभरच्या आतबाहेर. का? मुलं आधी म्हणतात, 'बाई, तिकडे झाडं नाहीत म्हणून.' हसू नका, उलट विचारा की झाडं का नाहीत मग. हळूहळू गाडी मोसमी वाऱ्यांवर येते. आणि इथे एक गंमत हातात ठेवा: आपल्याकडे जूनमध्ये येणारे वारे दक्षिण गोलार्धातून निघून केनिया-सोमालियाच्या किनाऱ्याजवळ विषुववृत्त ओलांडतात, तिथल्या उंच पठारांना घासून उजवीकडे वळतात आणि मग कोकणावर येऊन आदळतात. ज्या सोमालियाच्या अंगणातून आपला पाऊस जातो तो सोमालिया कोरडा! कारण वारा किनाऱ्याला समांतर निघून जातो, आत शिरत नाही, शिवाय तिथे समुद्राचं खालचं गार पाणी वर येतं. विषुववृत्ताजवळ असून वाळवंटासारखी स्थिती, आरसा तडकला.

दुसरी तडक उंचीची. किलिमांजारो विषुववृत्तापासून फक्त तीनेक अंशांवर, तरी डोक्यावर बर्फ. उंची ५८९५ मीटर. दर किलोमीटरला साडेसहा अंश तापमान उतरतं असं धरून गणित करायला लावा, समुद्रसपाटीला २८ असेल तर माथ्यावर? उणे दहाच्या आसपास येतं. गणिताच्या सरांना दाखवा, खूष होतील. नैरोबीचंही तेच, विषुववृत्ताला खेटून आहे पण सुमारे १८०० मीटरवर, त्यामुळे हवा छान गार.

तिसरी म्हणजे नामिब. नैर्ऋत्य किनाऱ्यावर वाळवंट, समुद्राला लागून, कारण बेंग्वेलाचा थंड प्रवाह. समोर पूर्व किनाऱ्यावर त्याच अक्षांशात मोझांबिकला पाऊस आहे, तिथे हिंद महासागराचं गरम पाणी. दक्षिण भाग अरुंद म्हणून समुद्राचा असर आतपर्यंत पोचतो, उत्तरेचा भाग पसरट म्हणून सहारा एवढं प्रचंड, सुमारे ९० लाख चौ. किमी. ती रुंदी लक्षात ठेवायला सांगितली होती ती यासाठी. आणि सहारा म्हणजे नुसती वाळू नाही हेही सांगा, वाळूच्या टेकड्या साधारण चौथाई भागातच, बाकी खडक आणि दगडगोटे. मुलांच्या चित्रात उंट, खजूर आणि वाळू एवढंच असतं.

नद्या, सुतळी घेऊन

नाईल ६६५० किमी, हे पाठ करायला नको, सुतळीने मोजायला लावा. आमच्या वर्गात सुतळी भरली साडेबारा सेंटिमीटर, म्हणजे ५००० किमी. 'बाई, पुस्तक चुकलंय!' पुस्तक चुकलेलं नसतं, लहान नकाशात बारीक वळणं गाळलेली असतात, तेवढी लांबी गळते. नकाशाचं प्रमाण या घटकावर मी याच्यापेक्षा चांगला धडा घेतलेला नाही आणि तो ठरवून घेतलेला पण नव्हता.

नाईलमध्ये एवढंच बघा की पांढरी नाईल व्हिक्टोरिया सरोवराकडून, निळी नाईल इथिओपियाच्या टाना सरोवराकडून, आणि खार्टूमला संगम. पुराचं बहुतेक पाणी निळीचं, कारण इथिओपियाच्या डोंगरात पावसाळा. म्हणून तर इथिओपियाने निळीवर मोठं धरण बांधलं की इजिप्तच्या पोटात गोळा येतो. वरच्या गावाने पाणी अडवलं की खालच्या गावाला काय वाटतं हे आपल्या पोरांना समजावायला लागत नाही.

कांगो मात्र नीट शिकवा. ती विषुववृत्त दोनदा ओलांडते. म्हणजे तिच्या खोऱ्याचा काही भाग उत्तरेत, काही दक्षिणेत, एकीकडे पाऊस ओसरला की दुसरीकडे सुरू, त्यामुळे नदी वर्षभर भरलेली. मागच्या तासाची घडी इथे परत काढा, मुलं स्वतः सांगतात.

आणि नायजर! ही नदी गिनीच्या डोंगरात उगम पावते, अटलांटिक तिथून जेमतेम अडीचशे किलोमीटर, पण बाई जातात उलट्या दिशेला, थेट सहाराच्या कडेला, तिंबक्तूपाशी वळसा, आणि मग खाली नायजेरियात समुद्राला, एकूण सुमारे ४२०० किमीचा फेरा. मुलांना विचारा, आपल्याकडे अशी कोण? थोडं थांबा. कोणीतरी म्हणतंच, गोदावरी! त्र्यंबकेश्वरहून अरबी समुद्र शंभर किलोमीटरच्या आत आणि गोदाबाई निघाल्या बंगालच्या उपसागराला. कारणही तेच, उगमाचा डोंगर समुद्राजवळ पण जमिनीचा उतार उलटीकडे.

झांबेझी आणि व्हिक्टोरिया धबधबा (उंची १०८ मीटर) यांना पाच मिनिटं पुरे. फक्त एक जोडा की आफ्रिका बराचसा पठारी, पठाराच्या कडेवरून नद्या उड्या मारत उतरतात, त्यामुळे समुद्रातून बोटीने आत जायची सोय कमी.

कणकेचा तास

खचदरी शिकवायला आकृतीपेक्षा कणिक बरी. घट्ट मळलेला गोळा सकाळी उघडाच ठेवा म्हणजे वरून साल धरते. वर्गात दोन्ही हातांनी हळू, अगदी हळू ओढा. साल आधी तडकते, मग मधला भाग खाली बसतो आणि कडा उभ्या राहतात. पूर्व आफ्रिकेत हेच चाललंय, फक्त वर्षाला काही मिलिमीटरच्या वेगाने. कधी झटकाही बसतो, २००५ मध्ये इथिओपियाच्या अफार भागात काही दिवसांत सुमारे ६० किमी लांबीवर भेग पडली, काही ठिकाणी ८ मीटर रुंद.

मग सरोवरं. टांगानिका लांबट आणि १४७० मीटर खोल, व्हिक्टोरिया गोलसर, केरळच्या पावणेदोन पट मोठं, पण खोली जेमतेम ८० मीटर. असं का? टांगानिका भेगेत आहे, व्हिक्टोरिया दोन भेगांच्या मधल्या बशीत. हा प्रश्न मी दरवर्षी चाचणीत टाकते. कणिक नंतर कावळ्यांना.

माणसं आणि सीमा

आता सीमांचा दुसरा आराखडा वाटा. ५४ देश. पहिलं काम, पट्टीने काढल्यासारख्या सरळ सीमा शोधा आणि लाल करा. इजिप्त-सुदान, लिबिया, अल्जीरिया, नामिबिया... मुलं विचारतात इतक्या सरळ कशा. १८८४-८५ ची बर्लिन परिषद इथे सांगा, युरोपातल्या सत्तांनी टेबलावर बसून वाटणीचे नियम ठरवले आणि तिथे एकही आफ्रिकी प्रतिनिधी नव्हता. प्रत्येक सीमा त्याच टेबलावर आखली असं मात्र नाही हं, नंतर वर्षानुवर्षं करार होत गेले, इतिहासाच्या बाईंशी एकदा बोलून घ्या. गाम्बिया बघायला लावा, नदीच्या दोन्ही काठांची बारकीशी पट्टी म्हणजे अख्खा देश.

याच तासाला तो प्रश्न येतो. 'बाई, तिकडे सगळे गरीबच असतात ना?' किंवा रंगावरून काहीतरी, मागच्या बाकावरून, हसत. रागवू नका आणि सोडूनही देऊ नका. मी दोन गोष्टी तयार ठेवते. एक म्हणजे केनियात एम-पेसा, साध्या बटणाच्या फोनवरून पैसे पाठवायची सोय, २००७ मध्ये सुरू झाली, आपलं यूपीआय २०१६ चं. 'पेसा' म्हणजे आपला पैसाच, आणि तिथे चपातीला चपातीच म्हणतात. दुसरं म्हणजे मलिक अंबर. इथिओपियात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला, तो निजामशाहीचा वजीर झाला आणि त्याने १६१० मध्ये खडकी वसवली, म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर. जंजिऱ्याचे सिद्दीही मूळचे तिकडचेच. नाव माहीत असतं मुलांना, पण तो माणूस आला कुठून हे नकाशावर बोट ठेवून कोणी दाखवलेलं नसतं. जवळपास गोरखचिंचेचं झाड असेल तर दाखवून आणा, ती पण आफ्रिकेचीच, बाओबाब.

गरिबी नाहीच असं भासवू नका मात्र. कांगो लोकशाही प्रजासत्ताकात जगातलं अर्ध्याहून जास्त कोबाल्ट निघतं, मोबाइलच्या बॅटरीत जातं ते, आणि तिथला खाणकामगार मोबाइलच्या किमतीत किती दिवस जगेल हा हिशोब मोठ्या मुलांबरोबर करता येतो. तसंच कोको, घाना आणि आयव्हरी कोस्ट मिळून जगातला निम्म्याहून जास्त पिकवतात, चॉकलेटचे कारखाने कुठेत ते मुलांनाच शोधू दे.

चाचणी कशी घ्यायची

राजधान्या विचारायच्याच असतील तर पाच विचारा, त्याही नकाशासकट. किन्शासा आणि ब्राझाव्हिल ही जोडी ठेवा, दोन देशांच्या राजधान्या, मधे फक्त कांगो नदी, समोरासमोर. बाकी गुण कारणांना द्या. माझे ठरलेले प्रश्न असे: कोऱ्या आराखड्यावर १५ अंश दक्षिणेला एक ठिपका देऊन तिथे पाऊस कोणत्या महिन्यांत असेल? दोन नद्यांच्या पाण्याचे महिन्यावार आलेख देऊन यातली कांगो कोणती? आणि विषुववृत्ताजवळची पण गार असलेली एक जागा शोधून कारण लिही.

सात-आठ मुलं तरीही ठिपक्याला उत्तर गोलार्धातले महिने लिहितात. त्यांचा पेपर परत करताना लाल पेनाने उत्तर लिहू नका, पेपरसोबत एक कोरा आराखडा द्या आणि परत घडी घालायला लावा.